वाय-फायला परवाना का लागत नाही?

नेट-सेटची तयारी करत असाल किंवा पीएचडीचा विषय शोधत असाल, तर एक सवय आत्ताच लावून घ्या. कुठलंही तंत्रज्ञान अभ्यासताना 'हे चालतं कसं' एवढ्यावर थांबू नका; 'हे चालवायची मोकळीक कधी मिळाली' हेही विचारा. वाय-फाय हे त्याचं सोपं उदाहरण आहे.

आधी चालतं कसं ते बघू. राउटर म्हणजे छोटा रेडिओच. 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास तो लहरी सोडतो आणि झेलतो. पण घरातले सगळे फोन, लॅपटॉप एकाच पट्ट्यात बोलायला लागले की गोंधळ होणारच. यावर एक साधा उपाय 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने वापरला: पॅकेट पाठवायचं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. 1997 च्या 802.11 मानकाने त्यात शिस्त आणली. आधी ऐका, हवा शांत असेल तरच बोला.

पण आपल्याकडे ही हवा मोकळी होती का? 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा होता. जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. प्रक्षेपकाची मर्यादा 1 वॅट, अँटेनासकट 4 वॅट. आज नाशिकमध्ये कुणी घरी राउटर लावताना दिल्लीला अर्ज करत नाही, ते यामुळे.

आता दुसरी बाजू बघा. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम 12.5 सेंटीमीटर. पंचवटीतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत मध्ये आली तरी सिग्नल मार खातो, मग डोंगर-झाडीतल्या पाड्यांचं काय? कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी अशा ठिकाणी जास्त लांब पोचतात. आयआयटी मुंबईतल्या अभय करंदीकर यांच्या गटाने टीव्हीचा 470 ते 590 मेगाहर्ट्झ पट्टा तपासला. त्यात 8 मेगाहर्ट्झच्या 15 वाहिन्या बसतात. 2014 मध्ये त्यांनी दाखवलं की देशात जवळपास सगळीकडे त्यातल्या किमान 12 रिकाम्या आहेत. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर त्यांनी याची प्रत्यक्ष चाचणीही घेतली. मात्र हा पट्टा परवानामुक्त नव्हता. पुढे तिथल्या ग्रामपंचायती जोडताना परवानामुक्त 5.8 गिगाहर्ट्झ वापरला गेला.

म्हणजे बघा, भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच. एक पट्टा खुला झाला म्हणून घराघरांत पोचला. दुसरा रिकामा असूनही बंद राहिला. म्हणून संदर्भ वाचताना शोधनिबंधाशेजारी सरकारी राजपत्रही ठेवा. तुमचा संशोधन-प्रश्न कदाचित त्या दोघांच्या मधल्या जागेतच सापडेल.