शालेय विद्यार्थी-संरक्षण (महाराष्ट्र व गोवा)

शालेय विद्यार्थी-संरक्षण : शाळेच्या आवारात, वसतिगृहात आणि शाळेच्या वाहनात मुलाला मारहाण, लैंगिक अत्याचार, पाणउतारा तसेच जात, धर्म, लिंग, अपंगत्व वा गरिबी यांवरून होणारा दुजाभाव यांपासून वाचवण्यासाठी केलेले कायदे, नियम व शासन निर्णय आणि ते राबवणारी यंत्रणा. महाराष्ट्रात या विषयाचा स्वतंत्र, एकसंध कायदा नाही. केंद्राचे कायदे, राज्याचे शासन निर्णय आणि न्यायालयांचे आदेश एकावर एक साचत गेले आहेत. बहुतेक आदेश एखादी घटना गाजल्यावर निघाले, त्यामुळे त्यांचा आपसांत मेळ कमी आणि पुनरुक्ती बरीच. नियम पुरेसे आहेत. कमी पडतो तो मुलाचे पहिले वाक्य ऐकणारा माणूस, आणि वाया जातो तो शाळेने ‘आधी आपण शहानिशा करू’ म्हणत काढलेला वेळ.

पूर्वपीठिका : विद्यार्थ्याच्या हक्काचा प्रश्न या भागात पहिल्यांदा सरकारदरबारी गेला तो प्रवेशाच्या निमित्ताने. १८५६ च्या जूनमध्ये मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. एकाला न्याय दिल्याने बाकीचे विद्यार्थी शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, अशी भूमिका घेऊन मुंबई सरकारने तो फेटाळला. वरिष्ठ सरकारला हे पटले नाही, आणि १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व जाहीर झाले. हंटर आयोगाने १८८२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. कागदावर प्रश्न मिटला, वर्गात मिटला नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे, हे त्यांनीच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचा प्रवेश झाला तो दिवस, ७ नोव्हेंबर, राज्यातील शाळा आज ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याहून धाडसी पाऊल १९१९ चे : अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक विहिरी व धर्मशाळांबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या करण्याची मागणी त्यात होती. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५, १७ व २९(२) यांनी या मागण्यांना मूलभूत हक्काचे बळ दिले आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेपोटी शाळाप्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले.

शारीरिक शिक्षा : छडी, पट्टी, कान पिळणे, अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, उठाबशा, दिवसभर वर्गाबाहेर उभे करणे हा मराठी शाळेच्या आठवणींचा एवढा ठरलेला भाग की माजी विद्यार्थी मेळाव्यांत तो कौतुकाने सांगितला जातो. कायदाही दीर्घकाळ शिक्षकाच्या बाजूने झुकलेला होता. मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृत्याला जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ८९ संरक्षण देई आणि मूल शाळेत घातले म्हणजे ती संमती दिलीच, असे मानले जाई. १९७३ च्या दिल्ली शालेय नियमांतील नियम ३७ तर छडीचे गणितच मांडत होता : तळहातावर, जास्तीत जास्त दहा फटके, आजारी मुलाला नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी हा नियम रद्द केला.

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ (अंमल १ एप्रिल २०१० पासून) याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. ‘मठ्ठ’ म्हणून हिणवणे, सर्वांसमोर फीची थकबाकी वाचून दाखवणे, वडिलांच्या धंद्यावरून टोमणा मारणे हे सारे मानसिक छळाच्या कक्षेत येऊ शकते. मात्र या कलमाला दात नाहीत. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई, एवढेच त्यात आहे, आणि ती करायची संस्थेने, जिला स्वतःचे नाव सांभाळायचे असते. शिवाय कायद्यातील ‘बालक’ सहा ते चौदा वयाचे. बालवाडीतील चिमुरडी आणि दहावीचा विद्यार्थी दोघेही त्याबाहेर राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक संस्थाही कायद्याच्या कक्षेतून वगळल्या. महाराष्ट्रातील शिक्षक पात्रता परीक्षेच्या वादातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२५ मध्ये त्या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे मत दिले. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ (बालकाशी क्रूरता) अठरा वर्षांपर्यंत लागू होते आणि त्यात कैदेची तरतूद आहे, परंतु ते शिक्षकांना कितपत लावावे याबाबत न्यायालयांचे मत एकसारखे राहिलेले नाही.

लैंगिक अत्याचार व कळवण्याची सक्ती : ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’, बोलीत ‘पॉक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. शिक्षक वा शाळेतील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा त्यात अधिक गंभीर वर्गात मोडतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, मग ती वृत्तपत्राने करो वा पालकांच्या व्हॉट्सॲप गटाने.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम १९. असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी धास्ती वाटली तरी प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद. सद्भावनेने कळवलेली माहिती पुढे खरी ठरली नाही तरी कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. म्हणजे चौकशीचे काम कायद्याने मुख्याध्यापकांकडे दिलेलेच नाही. प्रत्यक्षात शाळा नेमके तेच करते : मुलीला बोलावून पुन्हा पुन्हा विचारते, कर्मचाऱ्याला समोर उभे करते, संस्थाचालकांची बैठक लावते, पालकांना ‘मुलीच्या भवितव्याचा विचार करा’ सांगते. तोवर कपडे धुतले जातात, सीसीटीव्हीच्या चित्रफितींवर नवे चित्रण चढते.

या कलमावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध असून तो बहुधा गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे म्हटले.

याच सक्तीला दुसरी, अवघड बाजू आहे. कायद्यात संमतीचे वय अठरा असल्याने सोळा-सतरा वर्षांच्या दोघांचे राजीखुशीचे संबंधही गुन्हाच ठरतात. बाईंना विश्वासाने सांगितले की बाईंना पोलिसांत जाणे भाग. परिणामी ज्या मुलीला सल्ल्याची गरज असते ती तोंड मिटून बसते. या पेचावर अद्याप समाधानकारक तोडगा नाही.

बदलापूर व त्यानंतर : ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये बालवाडीतील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी तासन्‌तास लावले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा शाळेने पोलिसांना कळवले नव्हते, हा मुद्दा ठळकपणे पुढे आला आणि व्यवस्थापनातील व्यक्तींवर पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या वाहनात गोळी लागून मरण पावला आणि चर्चा चकमकीकडे वळली. शाळेची जबाबदारी हा मूळ विषय मात्र न्यायालयाने सोडला नाही. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमून तिच्याकडून उपाययोजना मागवल्या गेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात राज्याने विद्यार्थी सुरक्षेचा नवा शासन निर्णय काढला.

शाळेच्या भिंतीवर लावलेल्या फलकांवरून यंत्रणेचा अंदाज येतो : बालमदत क्रमांक १०९८, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही. ‘सखी सावित्री समिती’ १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र व तालुका किंवा शहर साधन केंद्र पातळीवर स्थापायची ठरली. शाळेच्या समितीत शिक्षिका, समुपदेशक, डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक आणि विद्यार्थी असावेत अशी कल्पना होती. कल्पना चांगली, पण बदलापूरनंतर सरकारला समित्या स्थापण्याचा आदेश पुन्हा काढावा लागला, यावरून मधल्या अडीच वर्षांत काय झाले ते उघड आहे. २१ ऑगस्ट २०२४ च्या त्याच आदेशात सीसीटीव्ही महिन्याभरात बसवण्याची मुदत होती. स्वच्छतागृहात कॅमेरा बसवता येत नाही. तिथे विश्वासाची मदतनीस लागते, आणि तिच्या पगाराचा प्रश्न आदेशांतून सुटत नाही.

तक्रारपेटीचे तसेच. पेटी दर्शनी जागी असावी, ठरावीक दिवशी उघडावी आणि मुख्याध्यापकांनी एकट्याने न उघडता इतरांसमक्ष उघडावी, अशी अपेक्षा आहे. बऱ्याच शाळांत ती कार्यालयाच्या दाराशी, शिपायाच्या नजरेसमोर टांगलेली दिसते. आठवीतली मुलगी तिथे चिठ्ठी टाकताना चारदा मागे पाहील, आणि ज्याला अजून लिहिता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न पेटीची कल्पना काढणाऱ्याला सुचलेलाच नाही.

वाहतुकीसाठी २०११ चे राज्याचे स्कूलबस नियम आहेत. त्यांत महिला मदतनीस आणि शाळास्तरीय परिवहन समिती सांगितली आहे. इमारतीच्या सुरक्षिततेबाबतचा आधार तमिळनाडूतील कुंभकोणम येथे २००४ मध्ये ९४ मुलांचा बळी घेणाऱ्या आगीतून आला. त्या संदर्भातील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला.

भेदभाव व सहाध्यायांकडून छळ : शिक्षणहक्क कायद्यानुसार वंचित व दुर्बल घटकांतील मुलाशी दुजाभाव होणार नाही हे पाहणे शासन व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शाळा सोडल्याचा दाखला देण्यास उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. फीसाठी दाखला अडवण्याची सवय तरी गेलेली नाही. विनाअनुदानित शाळांत या घटकांसाठी २५ टक्के जागांची तरतूद हाच शिक्षणहक्क कायद्याचा (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आरटीई’) सर्वांत वादाचा भाग. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१२ मध्ये वैध ठरवली. महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. प्रवेश मिळालेल्या मुलाची वेगळी तुकडी करता येत नाही. सहलीच्या वर्गणीत, स्नेहसंमेलनाच्या पोशाखात आणि ‘आरटीईवाला’ या हाकेत ती तुकडी तरीही तयार होते.

उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समानतेचे विनियम केले. शाळांसाठी त्या तोडीचे काही नाही, जातिवाचक वागणुकीचा मामला गेला तर थेट अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जातो, नाहीतर शिक्षकांच्या खोलीत मिटवला जातो. अपंग मुलांबाबत २०१६ चा आणि तृतीयपंथी मुलांबाबत २०१९ चा केंद्रीय कायदा शैक्षणिक संस्थांवर समावेशाचे बंधन घालतो. मुलांनीच मुलांना छळण्याबाबत महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तक्रारीकडे डोळेझाक करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्याला चिथावणी देणारा मानला जातो. हे कलम महाविद्यालयांपुरते लक्षात राहिले; वसतिगृह असलेल्या शाळांनी ते क्वचितच वाचले असावे.

गोवा : शारीरिक शिक्षेबाबत गोव्याने केंद्राच्या आधी पाऊल उचलले. अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९६ मध्ये शिक्षा झाली. या प्रकरणाने आणि किनारपट्टीवरील पर्यटनातून उभ्या राहिलेल्या धोक्याने राज्य हादरले होते. त्यानंतरच्या ‘गोवा बालक अधिनियम, २००३’ ने सर्व शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, बालकांवरील अत्याचाराची व्यापक व्याख्या केली आणि खटल्यांसाठी स्वतंत्र बाल न्यायालय दिले. शिक्षणहक्क कायदा यायला अजून सहा वर्षे आणि पॉक्सो यायला नऊ वर्षे होती. एकाच कायद्यात हे सारे असल्याने गोव्यातील पालकाला कुठल्या दारात जायचे ते तरी समजते.

दाद मागणे : महाराष्ट्रात शिक्षणहक्काची तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात गटशिक्षणाधिकारी वा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, आणि अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. आयोग चौकशी करू शकतो, साक्षीदार बोलावू शकतो, शिफारस करू शकतो. शिक्षा देऊ शकत नाही. गुन्हा असल्यास वाट पोलीस ठाण्याची, आणि पॉक्सो खटल्यात शक्यतो एका वर्षात निकाल लागावा असे कलम ३५ सांगते. अनुदानित व सरकारी शाळांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असलेली शाळा व्यवस्थापन समिती कायद्याने असते, म्हणून तिथे पालकाला प्रश्न विचारण्याची एक जागा आहे. विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. त्यांच्याकडे पालक-शिक्षक संघ असतो, आणि त्याचे बळ मुख्यतः शुल्काच्या वादात दिसते.