घाट कोणाचा?

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका खेड्यातले. पोटासाठी ते सांगलीला आले आणि पुन्हा कृष्णेच्याच काठी, सखल भागात राहिले. गाव बदलले, जिल्हा बदलला. वाट्याला आलेली जागा मात्र खालच्या अंगाचीच राहिली.

आज नदीकाठच्या पुनर्विकासाची भाषा सर्वत्र ऐकू येते. ओसाड, गलिच्छ काठ शासनाने द्यायचा, खाजगी भांडवलदाराने पैसा घालायचा, अशी ही भागीदारी. ती नवी म्हणून सांगितली जाते. आपला इतिहास वेगळे सांगतो.

वाईला गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली नदीकाठी गणपतीचे देऊळ बांधले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी विश्वेश्वराचे मंदिर उभारले. सांगलीचा काठ पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सजला. नदी सर्वांची आणि पैसा सरदारांचा! तो पैसाही रयतेच्या घामाचा आणि महारांच्या वेठबिगारीवर चालणाऱ्या गावगाड्याचा. परंतु घाटाच्या पायरीवर कोणी पाय ठेवायचा, हे जात ठरवीत होती. आमचा पाणवठा प्रवाहाच्या खाली.

याच सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. शिपाई नसेल तर त्याला पाणी मिळत नसे. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब. पुढे १९२३ साली रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले, तेव्हा सवर्णांनी कोर्टात काय सांगितले? तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे! तळे नगरपालिकेचे ठरले, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुरातन वहिवाटीचा त्यांचा दावाही फेटाळला.

हा खटला मी विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवतो. आपल्याला वगळायचे असते तेव्हा ‘सार्वजनिक’ची व्याख्या कशी आक्रसते, हे त्यातून कळते.

आता आमच्या वस्तीकडे या. आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी मोजलेली पातळी म्हणजे सांगलीकरांच्या छातीतली धडधड. २००५ साली पूर आला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २०२१ साली पुन्हा आले. २०१९ च्या पुरात आमची कागदपत्रे भिजून लगदा झाली. नंतर एका कार्यालयात मला विचारले गेले, “तुम्ही येथे राहता याचा पुरावा काय?” मी भिंतीवरची पाण्याची खूण सांगितली. कारकून हसला.

पूररेषा दोन आखतात, निळी आणि लाल. माणसांच्या जिवासाठी त्या पाळल्याच पाहिजेत. पण गरिबाची झोपडी रेषेत येते म्हणून उठवायची आणि त्याच रेषेत भराव टाकून विहारस्थळ उभारायचे, हा कुठला न्याय? अहमदाबादेत १९९७ साली साबरमतीसाठी कंपनी स्थापन झाली. भरावाने मिळालेल्या जमिनीचा काही भाग विकून खर्च काढण्याची योजना होती. काठावरची हजारो कुटुंबे उठली. अनेकांना वटव्यासारख्या दूरच्या वसाहतींत जावे लागले, रोजगार तुटला. पुण्यात त्याच धर्तीच्या कामाची पायाभरणी २०२२ साली झाली.

मी नदीकाठ सुधारण्याच्या विरोधात नाही. घाणीत राहण्याची हौस कोणाला असते? माझे म्हणणे एवढेच : आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी काठावर राहणाऱ्यांची यादी करा. धोबी, कोळी, भाजीवाली, सफाई कामगार, सगळ्यांची. त्यांचे घर उंचावर पण कामाजवळ द्या. करार त्यांच्यासमोर, मराठीत वाचा. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ही यादी आजच घरोघर जाऊन करावी. पूर ओसरल्यावर पुरावा मागितला जातो, हे आम्ही एकदा अनुभवले आहे.