भाड्याचे घर आणि सिंगापूर

परमुलखात रोजगार मिळाला, तरी माणूस स्थिरावतो तो घर मिळाल्यावर. आणि घर कुणाला, कुठे मिळेल, हे ठरवणारे बहुधा दुसरेच असतात.

इंग्रजांनी १८२२ मध्ये सिंगापूरची आखणी केली ती जमातवार. मलायी आणि अरब कॅम्पाँग ग्लामच्या बाजूला, चिनी नदीच्या दक्षिणेला, तर दक्षिण भारतातून आलेले चुलिया मुसलमान नदीच्या वरच्या अंगाला. नव्याने उतरणारा आपल्या लोकांचा मोहल्ला शोधी.

१९६४ मध्ये मलायी-चिनी दंगली झाल्या. वेगळ्या वस्त्या पुन्हा उभ्या राहू नयेत म्हणून १९८९ मध्ये सरकारने आपल्या प्रत्येक इमारतीत वंशवार कमाल मर्यादा घातली. शेजार कायद्याने मिसळला.

पण ही मर्यादा घर विकत घेणाऱ्यांसाठी. परदेशी नोकरदाराला सरकारी फ्लॅट विकत मिळत नाही. भाड्याने घेतला तर करार किमान सहा महिन्यांचा. २०१४ पासून मलेशियन वगळता अन्य परदेशी भाडेकरूंना दिलेल्या फ्लॅटना इमारतीत ११ आणि वस्तीत ८ टक्क्यांची मर्यादा आली. कोटा शिल्लक असला तरी अखेरचा शब्द घरमालकाचा. ‘भारतीय नकोत’ अशा जाहिराती त्याच वर्षी वृत्तपत्रांतून गाजल्या. कारण सांगितले गेले मसाल्यांच्या वासाचे.

मुंबईत आडनाव सांगताच ज्यांच्यासाठी खोली ‘आधीच गेलेली’ असते, त्यांना हे नवे नाही. तिथे हिंदू भारतीयालाही तोच नकार ऐकावा लागला, एवढेच. मिश्र वस्तीचा कायदा मालकांपुरता थांबला, की भाडेकरू पुन्हा १८२२ च्या नकाशावर येतो.