चीअरलीडर आणि झीलकरी

'सरकारचे चीअरलीडर', 'क्रिप्टोचे चीअरलीडर'. सोशल मीडियावर हा शब्द आता शिवीसारखाच येतो. अर्थ काय, तर स्वतःचं डोकं बाजूला ठेवून दुसऱ्याची री ओढणारा. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: झीलकरी. शाहीर पोवाडा गातो, मागचे झील धरतात. गंमत म्हणजे मूळचा चीअरलीडर झीलकरी नव्हताच. तो शाहिराच्या जागी होता, झील धरायची ती प्रेक्षकांनी.

नोव्हेंबर १८९८. मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ (त्यांचा फुटबॉल, हातात घेऊन पळायचा) ओळीने हरत होता. नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात जॉनी कॅम्बेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यांच्याकडून एका तालात आरोळ्या म्हणवून घेऊ लागला. मिनेसोटा जिंकलं. प्रिन्स्टनमध्ये आरोळ्या त्याआधीपासून होत्या, पण पुढारी म्हणून नाव झालं ते कॅम्बेलचं. नंतरची कित्येक वर्षं हे काम मुलांचंच होतं, आणि मानाचंही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर आणि रेगन कॉलेजात चीअरलीडर होते.

१९२३च्या सुमारास मिनेसोटातच मुली आल्या. दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढायला गेले आणि मैदानाकडेची ही जागा मुलींनी भरून काढली. १९७२मध्ये डॅलस काउबॉइजनी तोकड्या कपड्यांतला नाचणारा ताफा उतरवला आणि टीव्हीने तोच जगभर नेला. आपल्यापर्यंत हा शब्द २००८च्या आयपीएलसोबत पोचला तो या रूपात. महाराष्ट्रात लगेच कपड्यांवरून वादही झाला. मुली आल्या आणि शब्दातला 'लीडर' कुणाला ऐकू येईनासा झाला, हा मला योगायोग वाटत नाही. एका जुन्या नोकरीत माझ्या अप्रेझलमध्ये 'टीमची चीअरलीडर' असं लिहिलं होतं. त्या वर्षी रिलीजची जबाबदारी माझ्याकडे होती.

खुद्द अमेरिकेत २०१०मध्ये एका न्यायाधीशाने क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं की स्पर्धात्मक चीअरिंगला अजून विद्यापीठीय खेळ म्हणता येणार नाही. त्याच देशात विद्यार्थिनी-खेळाडूंना होणाऱ्या गंभीर दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक चीअरलीडिंगमधल्या असल्याची नोंद होती. माणसांचे मनोरे, वरून झेप, खाली झेलणारे हात. दहीहंडी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता २०२१मध्ये मिळाली.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मात्र आरोळ्यांचे पुढारी आजही विद्यार्थ्यांच्या मतदानाने निवडले जातात. पाच जागा, आणि परंपरेने पाचही मुलगे. त्यांना चीअरलीडर म्हणत नाहीत. 'येल लीडर' म्हणतात.