ओल चढते कशी?

शाळेच्या भिंतीवर खालच्या बाजूला रंगाचे पोपडे सुटले, की आपण पुन्हा रंग देतो. रोमन स्थापती व्हिट्रुव्हियस याने इ.स.पूर्व पहिल्या शतकात वेगळे उपाय लिहून ठेवले. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या गिलाव्यात वाळूऐवजी खापरांचा चुरा घालावा. (आपली चुन्यातली सुरखी याच जातीची.) ओल फारच असेल, तर आतून दुसरी पातळ भिंत बांधावी आणि मधल्या पोकळीला झरोके ठेवावेत.

बारीक नळीत पाणी का चढते, याचा सिद्धान्त यंग आणि लाप्लास यांनी मांडला तो १८०५-०६ मध्ये. विटेतही अशा सूक्ष्म वाटा असतात. ताटलीतल्या पाण्यात कोरडी वीट उभी करून वर्गात ते पाहू या. रंगाने ओल नुसती झाकते. तिला बाहेर पडायला वाट हवी.