हिमनद्या ओसरल्यानंतरची भूमी : इरई येथील पुरावा आणि त्यातील मूक कालखंड

अकोले तालुक्यातील कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड या परिसरात पावसाळा सुरू झाला की उघड्या कातळाचा रंग पालटतो. उन्हाळाभर काळ्या पापुद्र्यासारखा चिकटून राहिलेला थर ओलाव्याने फुगतो आणि हिरवट होतो. दगडफुलाचे ठिपके टवटवीत होतात. खोलगट जागी बोटभर माती साचली असेल तेथे गेंद, सीतेची आसवे यांसारख्या इवल्या वनस्पती उगवतात. हा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून त्यावर हिमनदी कधी वाहिलेली नाही. मात्र उघड्या पडलेल्या खडकावर जीवसृष्टी प्रथम कशी वस्ती करते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आणि हिमनद्यांच्या संदर्भात त्याचे उत्तर शोधू गेल्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना 1851 मध्ये झाली ती मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. 1856 मध्ये विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांना ओडिशातील तालचेर येथे बारीक गाळात रुतलेले मोठमोठे धोंडे आढळले. शांत पाण्यात बसणारा गाळ आणि एवढे वजनदार धोंडे एकत्र कसे आले असावेत? बर्फाने आणले, हे त्यांचे उत्तर उष्ण कटिबंधातील देशाविषयी धाडसाचेच होते. पुढे फ्रान्सिस फेडन यांना चंद्रपूरजवळील इरई येथे अधिक ठोस पुरावा मिळाला. तेथे धोंड्यांच्या थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला होता व त्यावर ओरखडे आणि खोबणी होत्या. फेडन यांनी 1875 मध्ये याविषयीचे टिपण प्रसिद्ध केले. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवानजीकच्या गोंडवन महाखंडाचा भाग होता, हे स्पष्टीकरण फेडन यांच्या काळी उपलब्ध नव्हते. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडांच्या विस्थापनाचा सिद्धांत 1912 मध्ये मांडला, तेव्हा दक्षिणेकडील खंडांवरील असेच ओरखडे त्यांच्या युक्तिवादाचा आधार ठरले.

हिम ओसरल्यावर काय घडले? तालचेर थरांच्या वरच्या भागात गँगॅमॉप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात. त्याहून वरच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिसची वने बहरली आणि त्यांच्या दलदलीतून वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा तयार झाला. चंद्रपूरच्या खाणींतील कोळसा म्हणजे हिमनद्यांनी मोकळ्या केलेल्या भूमीवरच्या वस्तीचा उत्तरार्ध होय. रॉबर्ट स्कॉट व त्यांचे सहकारी 1912 मध्ये अंटार्क्टिकात मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांच्या सामानात ग्लॉसॉप्टेरिसचे जीवाश्म होते. अन्न संपत आले असतानाही त्यांनी ते दगड टाकून दिले नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खडकात प्रथम दिसणारे पान म्हणजे भूमीवर प्रथम आलेला जीव, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. पानाचा ठसा उमटतो. जिवाणूंचा थर बहुधा खूण न ठेवताच नाहीसा होतो. धोंड्यांचा थर आणि पहिले पान यांच्यामधला हा मूक कालखंड आजच्या हिमनद्यांच्या साहाय्यानेच वाचावा लागतो. योगायोगाने 1916 हे वर्ष या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचा वनस्पती-अनुक्रमणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी विल्यम कूपर यांनी अलास्कातील ग्लेशियर बे येथे हिम हटलेल्या भूमीवर कायमस्वरूपी निरीक्षण-चौकटी आखल्या. क्लेमेंट्स यांची ठरावीक पायऱ्यांची शिडी महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत रुजली. कूपर यांच्या चौकटी शंभर वर्षांनी पुन्हा शोधून मोजल्या गेल्या, तेव्हा मात्र शेजारशेजारच्या जागांचे इतिहासही निरनिराळे निघाले. कोणते झुडूप आधी पोहोचले, यावर पुष्कळ काही अवलंबून होते. शिडीचे चित्र शिकवण्यास सोपे आहे, एवढाच त्याचा गुण म्हणावा लागतो.

पेरूमधील पुका हिमनदीसमोरच्या मातीचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. हिम हटल्यापासूनच्या पहिल्या काही वर्षांत, वनस्पती येण्यापूर्वीच, तेथे सायनोबॅक्टेरियांची विविधता आणि नायट्रोजन स्थिरीकरण वाढल्याचे त्यात दिसून आले. ताज्या रेव्यात खनिजे असतात, पण वनस्पतींना घेता येईल असा नायट्रोजन जवळजवळ नसतो. हवेतील नायट्रोजन बांधणारे जिवाणू ही उणीव भरून काढतात. त्यांचे चिकट तंतू रेतीचे कण एकत्र धरतात आणि ओल टिकवतात. सायनोबॅक्टेरिया, म्हणजेच नीलहरित शैवाल, अकोल्याच्या शेतकऱ्याला सर्वस्वी परके नाही. भाताच्या खाचरातील पाण्यात हे शैवाल नायट्रोजन बांधते, हे पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवून दिले होते. खडकावर जे कार्य ओसाड भूमीला प्रथम वस्तीयोग्य करते, तेच खाचरात पिकाच्या उपयोगी पडते.

इरईच्या थरांत या जिवाणूंचा थेट माग मिळणे अवघड आहे, कारण तेथील सामग्री बर्फाने व पाण्याने वाहून आणलेली आहे. तुलनेसाठी सह्याद्रीतच एक जागा उपलब्ध आहे. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये घाटरस्त्यांच्या कापात तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. त्यांपैकी काही पट्टे एक प्रवाह थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या अवधीत जागच्या जागी तयार झालेल्या मृदा मानले जातात. प्रत्येक प्रवाहानंतर भूमी नव्याने उघडी पडली आणि वस्तीला पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागली. त्या प्रारंभाचा काही अंश या पट्ट्यांत दबलेला आहे.