बधिर तळवा आणि शाईचा ठसा

मंडळी, कवठे महांकाळात पायांबद्दल बोलायचं म्हणजे फार प्रस्तावना लागत नाही. द्राक्षबागेत दिवसभर उभं राहणारी आणि आषाढात पंढरीची वाट धरणारी माणसं समोर बसलेली आहेत. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी मिरजेपर्यंत पोहोचली, ती याच बाजूनं. दवाखाना म्हटलं की मिरज, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याच मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय आहे. आज आपण ज्या साध्या उपकरणांचा इतिहास पाहणार आहोत, त्यांना खरा अर्थ आला तो कुष्ठरुग्णांच्या पायांमुळे.

पायाखालचा दाब मोजायची खटपट तशी जुनी. पॅरिसमध्ये मारे आणि त्यांचा विद्यार्थी कार्ले यांनी १८७०च्या दशकात बुटाच्या तळाला हवेच्या रबरी पिशव्या बसवून पाहिल्या होत्या. पण ते कुतूहल होतं. माणूस चालतो कसा, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

गरज कळली ती वेल्लोरला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायला आले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, बोटं झडतात, असं तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड यांनी नीट पाहिलं, तर तळव्याला जखम असलेला रुग्ण जराही न लंगडता चालत होता. आपल्याला साधा फोड आला तरी आपण पाय तिरका टाकतो, भार दुसरीकडं नेतो. म्हणजे दुखणं हेच आपलं दाब मोजायचं यंत्र, आणि ते जन्मतः फुकट मिळालेलं! कुष्ठरोगात नसा बधिर होतात आणि नेमकं हे यंत्र बंद पडतं. मग त्याच जागी रोज हजारो वेळा भार पडतो, आतलं मांस ठेचत जातं.

हिशेब करून पाहू. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा आहे आणि तळवा १०० चौरस सेंटिमीटर टेकलाय, तर दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम येतात. तोच टाच उचलून चवड्यावर आला, २० चौरस सेंटिमीटरच टेकले, की दाब थेट ३ किलो. माणूस तोच, वजन तेच. बोटं वाकडी झालेली असतील, तर जागा आणखी कमी.

हा भार कुठं पडतो हे दाखवणारं स्वस्त साधन तोवर कॅनडात तयार झालं होतं. हॅरिस आणि बीथ यांनी तिथल्या सैनिकांच्या पायांची पाहणी केली, ती १९४७ साली छापून आली. त्यांची रबरी चटई अगदी साधी आहे. तिच्यावर कमीजास्त उंचीच्या रेघांच्या चौकटी असतात. रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि रुग्णानं त्यावरून चालत जायचं. हलक्या दाबाला फक्त उंच रेघा उमटतात, म्हणून मोठे चौकोन दिसतात. दाब वाढला की बुटक्या रेघाही उमटतात आणि तिथं काळा डाग पडतो. वीज नको, इंजिनिअर नको. दाब किती किलो, हे चटई सांगत नाही. पण चप्पल बनवणाऱ्याला आकडा नको असतो, जागा हवी असते. डाग पडला तिथं तळ मऊ करायचा, थोडा खोल करायचा. वेल्लोरकडं मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला सुरू झाल्या त्या अशाच विचारातून. आपली कोल्हापुरी कितीही देखणी असली, तरी बधिर पायाला तिचं कडक चामडं आणि अंगठा घातकच.

पुढं ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेले मोजे करून पाहिले गेले. दाब पडेल तिथं कुप्या फुटायच्या, मोजा रंगायचा. चेन्नईच्या आयआयटीत के. एम. पाटील आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास काचेवरच्या प्रकाशातून दाबाचं चित्र संगणकावर आणलं. (पाटील म्हटल्यावर आपण लगेच गाव विचारणार, ते राहू द्या.)

आता रुग्ण बदललाय. मधुमेहानंही तळवे बधिर होतात, आणि मधुमेह आपल्या घराघरात आहे. दाबला की विजेला होणारा अडथळा कमी होतो, असा काळा प्लास्टिकचा कागद हल्ली मिळतो. त्याचे तुकडे चपलेच्या तळात बसवून, स्वस्त सर्किट लावून, मुलं कॉलेजच्या प्रकल्पात दाब मोजणारा तळ बनवतात. आम्हाला त्याचं कौतुक आहे. पण घामानं, उष्णतेनं त्याचे आकडे सरकतात, सारखा दाबून तो थकतो. दर थोड्या दिवसांनी ठरलेलं वजन ठेवून तो तपासावा लागतो, हे प्रकल्पाच्या वहीत बहुधा नसतं. शिवाय हे तळ सरळ खाली पडणारा भार मोजतात. तळवा चपलेत आडवा घासतो, त्याची नोंद त्यांच्यात येत नाही. शाईच्या चटईतही ती येत नव्हती.

कारव्हिलमध्ये म्हणूनच आणखी एक सवय लावली गेली होती. चालून आल्यावर तळव्यावर हात फिरवायचा. एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागली, की तिथं आत ठेचलंय असं समजायचं आणि पायाला विश्रांती द्यायची. वारीहून परतलेल्या मधुमेही आजोबांच्या पायावर घरातल्या कुणीही असा हात फिरवू शकतं.